चांगल्या गुडघ्याचं बँडेज

सदाशिव पेठ, पुणे
दि. २ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
राकेशचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र. कानाच्या मशीनचे सेल बुधवार पेठेतून आणलेत, सोबत पाठवतोय.

आमची फुटबॉल टीम फायनलला पोहोचली! मॅच अठरा तारखेला आहे. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये जाऊ आणि माझी मॅनेजरकी पक्की. हरलो तर मेमध्ये संपणारा करार वाढणार नाही, असं क्लबच्या सेक्रेटरींनी चहा पाजून सांगितलं. चहाही अर्धा कपच होता.

सगळी भिस्त तेजसवर आहे. बावीस वर्षांचा डिफेंडर, खेळतो अगदी माझ्यासारखा, फक्त जास्त बरा. परवा डाव्या गुडघ्याला बँडेज बांधून आला. क्लबच्या डॉक्टरांनी तो दाबून पाहिला, तर दुखत नाही म्हणाला. त्याला खेळवायचं ठरवलंय. काल जेवायला आला होता, ललितानं आग्रह करकरून वाढलं. जाताना दोन्ही मजले दर पायरीला उजवा पाय आधी टाकत उतरला. असो.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, रागावण्यापुरता तरी राहू द्या.
आपला,
राकेश

अमरावती
दि. ८ फेब्रुवारी २०२४

चि. राकेश यास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

सेल मिळाले. आता शेजारचा टीव्हीही ऐकू येतो, म्हणून मशीन काढून ठेवलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो मी. जिना उतरताना माणूस दुखरा पाय आधी टाकतो. त्या पोराचा उजवा गुडघा दुखतोय आणि बँडेज डाव्याला आहे. हे तुला कळलेलं आहे. नाहीतर एवढ्या धांदलीत मला जिन्याचं कशाला लिहिलं असतंस?

२०११ मी विसरलेलो नाही. नागपूरच्या निवड सामन्याआधी तुझा डावा गुडघा सुजला होता. तू हातापाया पडलास आणि मी स्वतःच्या हातानं उजव्याला बँडेज बांधलं. तिथल्या डॉक्टरांनी तोच दाबला आणि तुला खेळायला सोडलं. वीस मिनिटांत स्ट्रेचर आलं. तीन ऑपरेशनं, सहा प्लास्टरं, तिशीच्या आत सुटलेला खेळ, सगळं तिथून सुरू झालं. तुझी आई जाईपर्यंत तिलाही मी हे सांगितलं नाही. तुझा हिरमोड बघवला नाही रे, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. तू तरी म्हण.

सूनबाईस आशीर्वाद. पत्रात कमी लिहिलंस तरी खरं लिही.
तुझा,
बाबा

सदाशिव पेठ, पुणे
दि. २४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मॅचच्या आदल्या दिवशी हातात पडलं. तेजसला बोलावून सांगितलं, की बँडेज सोड आणि दुसऱ्या पायाला बांध. आधी चिडला, मग तिथेच बसून रडला. त्याच्या जागी योगेशला खेळवलं. बिचारा जीव तोडून खेळला, पण चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला आणि आम्ही हरलो. सेक्रेटरींनी या वेळी चहाही विचारला नाही. मेनंतर मी मोकळा. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू?

तेजसचं उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. ऑपरेशन लागणार नाही, चार महिन्यांत मैदानात येईल. खेळला असता तर पूर्ण तुटलं असतं. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आज काठी टेकत जिना चढून आला आणि मला कसं कळलं ते विचारलं. माझ्या वडिलांना अमरावतीहून दिसलं, असं सांगितलं. त्यानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आणि बाबा, २०११ चा दोष एकट्यानं घेऊ नका. बँडेज तुम्ही बांधलंत, पण पाय मी पुढे केला होता.

आहे तशी माया असू द्यावी.
आपला,
राकेश

अमरावती
दि. १ मार्च २०२४

चि. राकेश यास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

हरल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की शेजारी पेढे वाटले. त्यांना वाटतंय तू जिंकलास.

करार संपला की दोघं घरी या. पुढचं इथे बसून ठरवू. जिना चढताना तुझा गुडघा अजून धरतो, असं सूनबाई सांगत होती. कपाटात एक नवं क्रेप बँडेज आणून ठेवलंय.

या वेळी डाव्याला बांधीन.

तुझा,
बाबा