पॅड कोण धरणार?

३ जून
आज पण नाही जमली. चाळीस वेळा मारली स्पिनिंग बॅक किक — पाठ फिरवून, मागे टाच. चाळीसच्या चाळीस वेळा टाच पॅडच्या बाजूने हवेत.

कराटे क्लासचा हॉल रिकामा होता म्हणून पॅड खांबाला बांधलं. घरी दादाच्या कपाटात त्याचा जुना बेल्ट मिळाला होता आणि एक नी-कॅप. बेल्टने पॅड बांधलं. नी-कॅप मला ढगळ होते, ती बॅगेत टाकून ठेवलीये. उगाच.

दादा असता तर म्हणाला असता, "टिंगे, आधी मान फिरव, मग पाय. पाय कुठे पळून जात नाहीये." त्याला नोकरीवर जाऊन पंचवीस दिवस झाले. खांब काहीच म्हणत नाही.

५ जून
सरांनी बोर्डावर तारीख लिहिली. ३० जून, ब्राऊन बेल्टची परीक्षा. नियम तोच — पॅड धरणारा ज्याने त्याने आपला आणायचा. "चार वर्षांत तुमच्यासाठी एक माणूस उभा राहत नसेल तर बेल्ट घेऊन करणार काय?" सगळे हसले. मी पण हसले.

माझं पॅड कायम दादाच धरायचा. आधी आम्ही आलटून पालटून करायचो. त्याची टर्न असली की मी धरायचे, पण डोक्यात माझीच किक चालू. मग गेलं वर्षभर त्याने किक मारणंच सोडलं. "बोअर झालं यार. तू मार, मी धरतो." आळशी कुठला!

९ जून
सर "जोड्या लावा" म्हणाले की दहा सेकंदांत सगळ्यांना कोणी ना कोणी मिळतं. मी तेवढ्यात बेल्टची गाठ सोडते आणि परत बांधते. म्हणजे बिझी दिसते.

लंबूला विचारलं. "माझं ठरलंय गं." चष्मिसला विचारलं. "माझा पाय दुखतोय." नंतर तोच दुखरा पाय घेऊन वीस मिनिटं लंबूसमोर उड्या मारत होता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या तोंडावरच लिहिलेलं असतं, जवळ येऊ नका म्हणून." थँक यू, आई.

१० जून
दिवसभर कोणाशी बोलले नाही. खांब सोडून.

१४ जून
क्लासला एक नवीन बाई आल्यात. हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, ड्यूटी संपवून तशाच येतात. व्हाइट बेल्ट, गाठ पण उलटी मारलेली. एकट्या उरल्या, मी पण उरलेली. सरांनी आमची जोडी लावली.

हिंमत करून विचारलं, "नर्सताई, तीस तारखेला माझं पॅड धराल?"

"धरीन की. तीन-तीन पेशंट धरते, पॅडचं काय घेऊन बसलीस."

घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

१८ जून
बसली!! दहापैकी चार. आधी मान. दादा बरोबर होता. त्याला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

२१ जून
लिहावंसं वाटत नाहीये, तरी लिहिते.

आज नर्सताईंची टर्न होती, पॅड मी धरलं. साधी साइड किक. तिसऱ्या किकला त्या गुडघा धरून खाली बसल्या. स्वतःच बर्फ मागवला, स्वतःच लावला. मग म्हणाल्या — रागाने नाही, पेशंटला सांगतात तशा — "माझा पाय पोचायच्या आत तू डोळे मिटतेस आणि पॅड मागे घेतेस. मग सगळा झटका गुडघ्याला बसतो. तुला कोणी सांगितलं नाही कधी?"

नाही. कोणीच नाही.

लंबू तिकडून पुटपुटला, "आम्ही सांगणारच होतो."

चार वर्षं सांगणारच होते.

२२ जून
म्हणजे तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

२४ जून
आईला म्हटलं, मला उशीने मार. तिने कारण पण विचारलं नाही. हॉलमधल्या सोफ्याची उशी घेऊन जी सुरू झाली! मी पॅड धरून उभी. "डोळे उघड. मागे कुठे चाललीस? उघड म्हणते ना." साठ वेळा. शेवटच्या वीसला मी हलले नाही. आई दमून खाली बसली आणि म्हणाली, "उद्या पण करू." खूश होती.

२९ जून
नर्सताई लंगडत आल्या. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या परीक्षेला बसेन. "गप. उभं राहता येतंय मला." मग विचारलं, "नी-कॅप आहे का कोणाची?"

बॅगेतली दिली. त्यांना अगदी बरोबर बसली. म्हणाल्या, "चांगलीच वापरलेली दिसतेय. कोणाचा गुडघा गेला होता?"

मी बेल्टची गाठ सोडली आणि परत बांधली.

३० जून
पास. दुसऱ्या किकला बसली. नर्सताई तसूभर हलल्या नाहीत.

हॉलच्या जिन्यातूनच दादाला फोन केला. तो ओरडला, "टिंगे! पार्टी!" वगैरे. त्याला संपवू दिलं. मग विचारलं, "दादा, किक मारणं तू बोअर झालं म्हणून सोडलंस ना?"

तो म्हणाला, "आता डोळे उघडे ठेवतेस ना?"