प्रश्नकर्ती स्वयंपाकघरात बसेल

२ फेब्रुवारी, रविवार

आई आज पुन्हा पत्तेवालीकडे जाऊन आली. पत्तेवाली म्हणजे ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत टॅरोचे पत्ते मांडून लोकांना त्यांचंच आयुष्य समजावून सांगणारी बाई. आई निवृत्त होईपर्यंत नर्स होती. काही होत असेल तर तपासणी करायची, पत्ते पिसायचे नाहीत, हे तिला मी सांगावं म्हणजे कमाल झाली. तरी सांगितलं. ती म्हणाली, अगं, मला काही होत नाहीये, उलट छान चाललंय. मग जातेस कशाला, असं मी विचारलं नाही. मुद्दा तो नव्हता.

मुद्दा असा: मी प्रयोगशाळेत वजनकाटे तपासते. खोटा काटा पकडायचा तर आधी तो कसा चालतो ते शिकावं लागतं. म्हणून ठरवलं. टॅरो शिकायचा, आईला घरीच वाचून दाखवायचा, त्यात काही नाही हे सिद्ध करायचं, विषय बंद. महिनाभर पुरे.

मी चिडलेली नाही. चिडून काटे तपासता येत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

पत्ते आले. अठ्ठ्याहत्तर, मोजून घेतले. सोबत नवशिक्यांसाठी पुस्तिका. सूचना म्हणून इतकं गबाळं काही मी आजवर वाचलेलं नाही. पत्त्यांशी मैत्री करा. पत्ते उशाशी घेऊन झोपा. त्यांना तुमच्या हातांची ऊब लागू द्या. हातांची ऊब! आमच्याकडे प्रमाण वजनाला उघडं बोट लावलं तर खुलासा मागतात. मी प्रयोगशाळेतले पांढरे कापडी हातमोजे घरी आणले.

आई दारातून बघत होती. म्हणाली, ऑपरेशन कुणाचं आहे?

दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं वाचन. पुस्तिका म्हणते, समोर बसलेल्या प्रश्नकर्त्याला त्याचा प्रश्न शांतपणे विचारा. विचारला. आई म्हणाली, पुढे काय, एवढंच. मी सांगितलं, हा प्रश्न नाही, याला काही एकक नाही. ती म्हणाली, असू दे गं, तू मांड.

मधला पत्ता टू ऑफ कप्स. एक बाई, एक पुरुष, समोरासमोर उभे, हातात एकेक पेला. पुस्तिकेत काहीतरी भावुक लिहिलं होतं ते सोडून दिलं. मी सरळ अर्थ लावला: दोन भांडी, समान पातळी, समतोल. म्हणजे आहे ते तसंच चालू राहणार, तू आणि मी. आई म्हणाली, एवढंच दिसलं तुला? मी म्हणाले, एवढंच आहे.

मग ती चष्म्याच्या दुकानात गेली. नंबर बदलल्यासारखा वाटतोय म्हणे. गेल्याच महिन्यात तर चष्मा केला होता. त्या चष्मेवाल्याला काम येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा नवा चष्मा, लाल फ्रेम. कशी दिसते, असं तिने विचारलं. मी विचारलं, दिसतं का नीट? म्हणाली, हल्ली सगळंच छान दिसतं. मग नंबर तपासायला गेली कशाला? या घरात सरळ उत्तर मिळत नाही.

शिवाय निळा कप सापडत नाही. बशी आहे, कप नाही. घरात माणसं दोन आणि तरी वस्तू जागेवर राहत नाहीत. दुसरी कुणी असती तर चिडली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा टू ऑफ कप्स. पत्ता पुरता उलटायच्या आत आई हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, हाच येणार असं वाटलंच होतं. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पुस्तिकेत बघितलं. पुस्तिका निरुपयोगी आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पत्तेवालीला भेटून आले. माझ्या आईचा नाद सोडा, हे सांगायला. तिने मला आधी डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, तू शिकतेयस म्हणे. एकच सांगते. पुस्तकात बघायच्या आधी चित्राकडे बघायचं, आणि चित्राच्याही आधी समोर बसलेल्या माणसाकडे. अर्धं तिथेच कळतं, पोरी.

म्हणजे कबुलीच! वाचायचा चेहरा आणि नाव सांगायचं पत्त्यांचं. मी म्हणाले, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडे लक्ष देणं म्हणतात. उद्धट बाई.

पण एका अर्थी बरं झालं, दोष सापडला. चेहऱ्यामुळे निकाल बिघडतो, तर चेहरा काढून टाकायचा. यापुढे प्रश्नकर्ती स्वयंपाकघरात बसेल, दार बंद. जगातलं पहिलं निर्दोष टॅरोवाचन आमच्या घरी होणार. नवशिक्यांसाठीची पुस्तिका खरं तर मीच लिहायला हवी.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवी पद्धत सुरू. आईला स्टूल दिलं, पाणी दिलं, दार लावलं. प्रश्न दाराबाहेरून विचारला. ती ओरडली, पुढे काय! मग लगेच ओरडली, आता बोलू का? मी म्हणाले, नाही. थोड्या वेळाने पुन्हा, आता बोलू का? मी म्हणाले, प्रश्नकर्तीने शांत राहावं. ती म्हणाली, पेशंट आत कोंडलेला आणि डॉक्टर बाहेर, असली ओपीडी मी जन्मात पाहिली नाही.

टू ऑफ कप्स. तिसऱ्यांदा. आता तर चेहराही नव्हता!

पुस्तिका म्हणते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नका. का नको? एकदाच तोलून कुणी वजन ठरवतं का? मी पुन्हा मांडले, पुन्हा मांडले. तो पत्ता येतच राहिला. हातमोज्यांमुळे पत्ते नीट पिसले जात नाहीत असं क्षणभर वाटलं, पण हातमोजे प्रयोगशाळेचे आहेत, ते चुकणार नाहीत. पत्ता सदोष. काढून पाकिटात ठेवला, वर ‘बाद’ लिहिलं.

दार उघडलं तेव्हा आईने चहा केलेला होता. म्हणाली, तो काढून टाकलेला पत्ता मला दे, पुस्तकात खूण म्हणून ठेवीन. दिला. कशाला तरी उपयोग होतोय.

२ मार्च, रविवार

कप्सचे बाकीचे पत्तेही तोच सूर लावतात: भेटीगाठी, नवी सोबत, भरलेले पेले. अख्खा संच बाद केला. लव्हर्स हा पत्ता तर न मांडताच काढला, तो काय सांगणार हे नावावरूनच कळतं.

मग सराव म्हणून स्वतःसाठी एक ओढला. क्वीन ऑफ स्वोर्ड्स. ताठ बसलेली राणी, हातात तलवार, चेहरा बाजूला वळवलेला. पुस्तिका म्हणते: बुद्धिमान, स्पष्टवक्ती, एकटी. तिसरा शब्द छपाईची चूक आहे.

६ मार्च, गुरुवार

आईचा तिसरा चष्मा. हिरवा. बास झालं.

आई आंघोळीला गेल्यावर तिन्ही उचलले, ऑफिसला नेले, भिंगं मोजून घेतली. तिन्हींचा नंबर एकच. बिनचूक. म्हणजे नंबर कधी बदललाच नव्हता! एका निवृत्त बाईला हा माणूस सरळ गंडवतोय.

शेजारच्या टेबलावर थर्मामीटर तपासणारा आहे, त्याला आम्ही तापमानवाला म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नंबर बरोबर असताना बाई सारखी दुकानात का जाते, हे तुला खरंच कळत नाहीये? मी म्हणाले, हेतू मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही. तो म्हणाला, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणी वापरणाऱ्या माणसांच्या हाती थर्मामीटर देऊ नयेत.

८ मार्च, शनिवार

दुकानात जाऊन आले. तिन्ही चष्मे काउंटरवर ओळीने मांडले आणि दोन गिऱ्हाइकांदेखत जाब विचारला. आवाज चढला नव्हता. दुकान लहान आहे.

चष्मेवाला आईच्याच वयाचा, सावकाश बोलणारा. आधी म्हणाला, बसा ना. मी उभीच राहिले. म्हणाला, नंबर बदललेला नाही, मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हणाले, मग त्या का येतात? त्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाला, त्यांना तुमच्याशी बोलायचंय, बरेच दिवस. मी म्हणाले, मग बोलू द्या की, मी घरीच असते! दर रविवारी समोर बसवते! एवढं म्हणून लक्षात आलं की हल्ली समोर बसवत नाही, पण त्याला खुलासा देण्याचं कारण नव्हतं.

निघताना काउंटरच्या मागे चहाचे दोन कप दिसले. एक पांढरा, एक निळा. निळा आमचा! कानाला टवका गेलेला, ओळखला. उचलून घेऊन आले. चष्मेवाल्याने अडवलं नाही. कसा अडवणार?

घरी बशीवर ठेवला. आईने पाहिला. जेवताना एकदम म्हणाली, त्यांचा चहा आता कशात करणार मी?

माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून उठले.

९ मार्च, रविवार

कप पुन्हा जागेवर नाही.

१६ मार्च, रविवार

आईने दाराआडून सांगितलं, आज पत्ते राहू दे, मला तुला एक सांगायचंय. मी म्हणाले, वाचन संपल्यावर. आधी कळलेल्या माहितीने निकाल कलतो. ती म्हणाली, अगं बाई, कलू दे ना एकदाचा! मी नियम मोडला नाही. सगळी मांडणी पुन्हा पुन्हा केली. दार उघडलं तर स्टूल रिकामं, मागचं दार उघडं.

प्रश्नकर्तीने चाचणी अर्धवट सोडली. रीडिंग बाद.

असहकार किती सहन करायचा?

२३ मार्च, रविवार

यश. सदोष पत्ते काढल्यावर निकाल स्वच्छ आला. फोर ऑफ पेंटॅकल्स: एक माणूस नाणी छातीशी कवटाळून घट्ट बसलेला. अर्थ स्थैर्य. कुणी कुठेही जात नाही. मी मोठ्याने जाहीर केलं.

आईने दार आतून स्वतःच उघडलं. माझ्यासमोर येऊन बसली. माझे हात हातात घेतले आणि मनगटाकडून उलटे करत हातमोजे काढले, नर्स काढतात तसे. मग बोलली. म्हणाली, तुझे बाबा गेल्यापासून, तुझा प्रश्न काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. म्हणून तर आत जाऊन बसत होते, वेड्यासारखी. पण विचारायचं मला आणि उत्तर ऐकायचं पत्त्यांचं, हे काय गं?

मी म्हणाले, ही पद्धत आहे.

ती म्हणाली, शुक्रवारी आमची लग्नाची नोंदणी आहे. मग मी तिथे राहायला जाईन, दुकानाच्या वर. साक्षीदार म्हणून सही तुझी हवी. येशील?

मी म्हणाले, साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरच सही करायची असते. मी काहीही पाहिलेलं नाही.

आई म्हणाली, तेच तर.

२८ मार्च, शुक्रवार

कामावर गेले. रजा नव्हती. होती, पण टाकली नव्हती. एकच वजन सकाळपासून तोलत होते, दर वेळी वेगळं येत होतं. तापमानवाला म्हणाला, काटा सारखा का हलतोय तुझा? मी म्हणाले, एसी. तो म्हणाला, एसी बंद आहे, सकाळपासून.

साक्षीदार म्हणून सही पत्तेवालीने केली, असं कळलं. पत्तेवालीने! लोकांचे चेहरे बघणं हा जिचा धंदा, तिने!

३० मार्च, रविवार

आईने सामान नेलं. चष्मेवाल्याने दारातूनच नमस्कार केला, आत आला नाही. मी बाहेरच्या खोलीत पत्ते लावत होते. आई जवळ येऊन थांबली. मी वर पाहिलं नाही, पत्ते मोजण्यात खंड पडला असता. ती म्हणाली, दुकान रोज उघडं असतं, सोमवारीसुद्धा.

मोजणी चुकली.

६ एप्रिल, रविवार

परिस्थिती आदर्श. घरात चेहरा नाही, आवाज नाही, निकालात ढवळाढवळ करणारं कुणी नाही. सवयीने स्वयंपाकघराचं दार लावलं. स्टूल आतच आहे. हातमोजे सापडले नाहीत, उघड्या हातांनीच पिसले. बाद केलेले सगळे पत्ते परत आत घातले होते. टू ऑफ कप्स सोडून, तो आईच्या पुस्तकात गेला.

प्रश्न विचारला: पुढे काय?

आता बोलू का, असं आतून कुणी विचारलं नाही. थोडी थांबले. मग मीच म्हणाले, बोल.

पत्ते मांडले, पण चित्रं अंधुक दिसत होती. कडा एकमेकींत मिसळत होत्या. छपाई खराब असावी. डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तरी तेच. मला चष्मा नाही, पण नंबर लागला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. उद्या सोमवार. ऑफिस सुटल्यावर दुकानात जाऊन तपासून घेते. बाकी काही काम नाही.

निळ्या कपाची बशी इथेच राहिली आहे. जाताना ती नेईन. कप एकीकडे आणि बशी दुसरीकडे, हे काही बरोबर नाही.