दूध बंद केलंय

प्रिय मीरिम,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. माझी शाळा सातवीपर्यंतच. मेंढ्या मी राखल्या नि पुस्तकं तू. गावची शाळा, मग नारीन, मग बिश्केक, आता तर डॉक्टरेट करतेस.

बाळ झालं गं. एर्निस नाव ठेवलं. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे ओठाला लोणी लावलं, तर मिटक्या मारत होता. पाचव्या दिवशी ओकायला लागला. मग डोळे पिवळे. थेट तालाससारखे. माझा तो पहिला बाराव्या दिवशी गेला, तेव्हाही असेच होते. सासूबाई म्हणाल्या, "पाज चांगलं भरपूर, उतरेल पिवळेपणा." तेव्हाही सगळे हेच म्हणत होते.

गेल्या उन्हाळ्यात तू कुरणावर आली होतीस. लोकर कातरताना सांगितलंस, दुधातली साखर मोडायला अंगात एक एन्झाइम लागतं, या कात्रीसारखं. काही बाळांना ती कात्रीच नसते, मग आईचं दूधसुद्धा विष होतं. शंका आली तर आधी दूध बंद कर नि डॉक्टर गाठ, म्हणालीस. मी हसले. "दुधानं कुणी मरतं होय, वेडे?" तू खाली मान घालून कातरत राहिलीस. सगळं सोडून हाच अभ्यास का घेतलास ते बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

कालपासून दूध बंद केलंय. चमच्यानं साखरपाणी देते, ही साखर वेगळी म्हणाली होतीस. छाती दगड झालीय. सासूबाई ओरडल्या, "बहीण पुस्तकं वाचणार नि माझा नातू उपाशी मरणार!" त्यांचंच खरं असलं तर? मग मीच त्याला उपाशी मारतेय. आणि तुझं खरं असलं तर तालासला बारा दिवस मीच पाजलं गं. आज याचा आठवा.

चाळीस दिवस बाळाला तंबूबाहेर काढत नाहीत. पण सकाळी मेंढ्यांचा ट्रक खाली निघाला नि मी चढले. सासूबाई धावत आल्या. वाटलं, हिसकावून घेतील. त्यांनी कढईची काजळी त्याच्या कपाळाला लावली नि म्हणाल्या, "जा त्या कात्रीवालीकडे. लवकर जा."

ट्रकमध्येच लिहितेय. तो मांडीवर आहे, आता रडतही नाही, त्याचीच भीती वाटते. हे पत्र टपालानं यायचं नाही. तुझ्या प्रयोगशाळेच्या दारात मीच तुझ्या हातात देईन, कारण तालासचं मला तोंडानं बोलता येणार नाही. वाचलंस की मला काही विचारू नकोस. बाळाला घे नि जिथं रक्त तपासतात तिथं पळ. काजळी तेवढी पुसू नकोस.

तुझ्यासमोर उभी असलेली,
तुझीच ताई
बुरुल