प्रागचा मनोरा आणि यिशुनचा गणपती

यिशुन, सिंगापूर

तीर्थस्वरूप शैलाकाकूंना,

सुनेत्राचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावता की कपाटात जपून ठेवलंय? काकांची नवी कवळी बसली का? आम्ही तिघं ठीक. वल्लरीची परीक्षा जवळ आली आहे, म्हणजे अभ्यास मी करते आहे.

पत्र मुद्दाम हाताने लिहितेय, कारण प्रबोधभावोजींनी घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकल्यापासून माझं कुणी ऐकूनच घेत नाही. (पूजेच्या वेळी ते कॉलवर होते. गुरुजींनी हात जोडायला सांगितले, तेव्हा भावोजी रेकॉर्डिंग करत होते.) तुमच्या गुडघ्यांमुळे घरचा गणपती यंदा पहिल्यांदा आमच्याकडे आला, आणि ‘परदेशात जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून डोंबिवलीला, प्रबोधकडे’ हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. त्यामुळे गजाननामागे हाडांचा सापळा घंटा वाजवताना पाहून तुम्हाला काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. मला तर ते रोज वाटत होतं.

सगळ्याचं मूळ जूनच्या सुट्टीत आहे. आम्ही प्रागला गेलो होतो. गाव सुंदर आहे, काकू. दगडी पुलाच्या दोन्ही कठड्यांवर पुतळे, जिकडे बघावं तिकडे टोकदार मनोरे, आणि शेकडो वर्षांची घरं अशी घासूनपुसून ठेवलेली की दिवाळी उद्यावर आली आहे असं वाटावं. तिथल्या जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर सहाशे वर्षांचं घड्याळ आहे. तास भरला की वरच्या खिडक्यांतून बारा संत फिरून जातात, कोंबडा आरवतो, आणि बाजूला उभा असलेला सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. म्हणजे, बाबांनो, वेळ संपत आली. मी एकदा पाहिलं आणि कॉफी प्यायला गेले. तुमचा पुतण्या निशिकांत मात्र दिवसभर तिथून हलला नाही. ज्याला स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, तो त्या घड्याळाची शतकाशतकांची डागडुजी घडाघडा सांगायला लागला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तुमचं सागवानी मखर विमानात चढेना, तेव्हा निशिकांतने जाहीर केलं की मखर म्हणून तोच मनोरा करायचा, चालत्या घड्याळासकट. हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. इथल्या दमट हवेत पुठ्ठा फुगला आणि मनोऱ्याचं पोट सुटलं. (कारागिराचंही सुटलेलं आहे, त्यामुळे त्याला ते जाणवलं नाही.) बारा संत जमेनात म्हणून वल्लरीच्या वर्गाच्या फोटोतली बारा पोरं कापून खिडक्यांत फिरवली. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे म्हणून कोंबडा गप्प बसवला. पण सापळा काढ म्हटलं की उत्तर ठरलेलं: हेरिटेज आहे, हात लावता येत नाही!

चतुर्थीला गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. निशिकांतने मूर्तीच्या हृदयाला हात लावला, मंत्र सुरू झाले, आणि नेमके बारा वाजले. सापळ्याने दोरी ओढली आणि मान डोलावली. गुरुजी थांबले.

“यजमान, मागे कोण उभे आहेत?”

तुमच्या पुतण्याने सोवळ्यातच प्रागचा इतिहास सांगायला घेतला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे. पण प्राणप्रतिष्ठा एकाचीच करायची आहे ना?”

भावोजींचा व्हिडिओ इथे संपतो. (संपवला आहे, असं म्हणा.) पुढे काय झालं ते ऐका. आमचे चेहरे पडलेले पाहून गुरुजी हसले. म्हणाले, “घाबरू नका. त्याला भृंगी समजा. शंकराचा गण, अंगावर नुसती हाडं. गणपती गणांचाच तर अधिपती!” ते ऐकताच वल्लरी “सो ही इज बाप्पाज फ्रेंड, लाह!” म्हणत उठली आणि तिने सापळ्याला गंध लावून उपरणं पांघरलं. युरोपचा वारसा असा बाटलेला पाहून निशिकांत कळवळला, पण यजमानाला पाटावरून उठता येईना.

दर्शनाला ही गर्दी! समोरच्या टॅन आंटीही डोकावल्या. चिनी पंचांगात भुतं घरी येऊन परत जातात, तो त्यांचा भुतांचा महिना नुकताच संपला होता. सापळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “घोस्ट मंथ फिनिश ऑलरेडी. धिस वन स्टिल नेव्हर गो होम, आह?” आणि दोन संत्री ठेवून गेल्या.

विसर्जन बादलीत केलं. मूर्ती विरघळेपर्यंत वल्लरी बादलीपाशी बसून होती. काकू, ही मुलगी माझ्याशी भांडतेसुद्धा इंग्रजीत. ती मराठीत म्हणाली, “आई, बाप्पा परत आपल्याकडेच येणार ना?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, “ते शैलाआजींच्या हातात आहे.”

काकांना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. गणपती आमच्याकडेच राहू द्या ना, काकू.

ता. ता. क. तरीही प्रबोधभावोजींकडेच द्यायचं ठरलं, तर माझं काही म्हणणं नाही. ज्याच्याकडे गणपती त्याच्याकडे मखर, ही आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. मनोरा भृंगीसकट खोक्यात भरून ठेवला आहे. डोंबिवलीचा पत्ता तेवढा कळवा.