आईची वीत

३ मार्च

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. सूनबाईंचा खोकला बरा झाला हे वाचून जिवात जीव आला. इकडे मी ठणठणीत.

आता एक काम. तू एवढे पूल बांधतोस, तर सांग, आपल्या घराचा माळा किती वजन पेलेल? तुझ्या खोलीतली पुस्तकांची अकरा खोकी वर चढवायची आहेत. शेजारचे मास्तर म्हणतात, खुशाल चढवा. पण ते सगळ्यालाच खुशाल म्हणतात.

लोभ आहेच, जरा पत्राची लांबीही वाढव.

तुझी आई


१९ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

म्हणजे शेवटी मला अडगळीत काढलंसच! सात वर्षं ‘पुढच्या वर्षी येतो’ म्हणणाऱ्याला बोलायला तोंड नाही, तरी वाचून चरकलो. त्या खोलीत माझं काहीतरी अजून आहे, या भरवशावर मी इथे दिवस काढतो.

असो. खोलीची लांबी मला पाठ आहे. माळ्याखालच्या लाकडी तुळया किती उंचीच्या आहेत आणि दोन तुळयांमध्ये अंतर किती, ते टेपने मोजून कळव. तोवर एकही खोकं वर न्यायचं नाही. आणि तू शिडीवर चढू नकोस, मास्तरांना चढव.

लोभाची काळजी नाही, तुझीच आहे.

तुझा ठोंब्या


२ एप्रिल

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

अडगळीत कोण काढतंय तुला? गेलास एकटा, येणार तिघं. खोकी हलली तरच तिथे मोठा पलंग आणि नातीची गादी मावेल. येणार कधी ते मी विचारत नाही. खोली तेवढी तयार असावी.

टेपवरचे आकडे पुसलेत, म्हणून मीच चढून हाताने मोजलं. रागावू नकोस, मास्तरांनी शिडी धरली होती. तुळईची उंची बरोबर एक वीत, मधलं अंतर दोन विती. तू माझी वीत विसरला असशील, म्हणून पंजा ताणून कागदावर गिरवलाय. सोबत घडी घालून ठेवलाय.

लोभ वाढो, वजन नको.

तुझी आई


२० एप्रिल

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचताच हिशेब मांडला. तुझी वीत मी कशी विसरेन? शाळेचा सदरा शिवताना तू त्याच विती माझ्या पाठीवर टाकायचीस, आणि मला गुदगुल्या व्हायच्या. तेव्हाच एकदा पट्टी लावून पाहिली होती, आठ इंच. त्या मापाने माळा पास झाला.

मग घडीचा कागद उघडला. पट्टी लावली, सात इंच. पुन्हा लावली, तरी सातच. अंगठा आत वळलाय, करंगळी पुरती उघडत नाही. यातलं एक अक्षर तू कधी लिहिलं नाहीस. दर पत्रात आपली ठणठणीत.

तुळई सातच इंचांची असेल, तर माळा अकरा खोकी पेलणार नाही. ती खालीच राहू देत. पलंगही नको. आम्ही तिघं खोक्यांच्या मधे गाद्या टाकून झोपू. पुढच्या वर्षी नाही, तिकिटं काढली. २६ मेला पोहोचतो.

काल त्या कागदावर मी माझा हात ठेवून बसलो होतो. तुझ्या नातीने विचारलं, काय करतोस. मी म्हटलं, आजीचा हात धरतोय. ती म्हणाली, हा तर कागद आहे.

तोवर शिडीवर चढू नकोस, एवढा लोभ कर.

तुझा ठोंब्या