टोपण लागेपर्यंत

३ ऑक्टोबर, मेइजी बादशहांचं वर्ष ११. चुझेंजी तळं.
सुखरूप पोचलो. समोरचा डोंगर शेंड्यापासून पाण्यापर्यंत लालबुंद झालाय. उसुई मास्तर म्हणाले, काम पाहून ठेवून घेईन. फोटोवाल्याच्या हाताखाली नोकरी म्हणजे आईला गावात मान. फोटोच्या काचा राखेनं घासायच्या, काळ्या तंबूत त्यांवर औषध ओतायचं, ओली काच मास्तरांना द्यायची. खानावळीच्या ओतोराबाईंनी भाजलेला मासा वाढला. म्हणाल्या, खा पोरा, मागचाही असाच काटकुळा होता.

५ ऑक्टोबर
काचेवर एक माणूस उमटला, गुडघाभर पाण्यात उभा. किनाऱ्यावर तर आम्ही दोघंच होतो. मास्तर म्हणाले, काच नीट घासली नाहीस, जुनं चित्र वर आलंय. डोळे आहेत की बटणं? पुन्हा झालं तर डोंगर उतरायचा.

६ ऑक्टोबर
आज कोरी काच, तिचा कागद मीच सोडला. माणूस आहेच. मास्तरांनी काच माझ्या पायाशी फोडली. उद्या शेवटची संधी.
ओतोराबाईंना विचारलं. चूल फुंकत म्हणाल्या, तो मोहेई, तुझ्या आधीचा पोरगा. डोंगर केवढा ते कळावं म्हणून मास्तर त्याला पाण्यात उभा करायचे. कॅमेऱ्याचं टोपण लावून ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. गेल्या थंडीत धुकं उतरलं, मास्तर चहा प्यायला वर आले ते इथंच झोपले. मोहेई हुकमाचा पक्का. सकाळी उभाच होता, थिजलेला.

७ ऑक्टोबर
मास्तर यायच्या आधी पाण्यासमोर वाकून म्हणालो, मोहेई-सान, झालं.
काच स्वच्छ आली. मास्तर खूश, नोकरी पक्की. जेवताना धीर करून सगळं सांगितलं. त्यांचा प्याला हातातच राहिला. हळूच म्हणाले, गेला कशावरून, गाढवा? हलणारं माणूस काचेवर येत नाही.

८ ऑक्टोबर
ओसरीवर ओल्या पावलांचे ठसे. मास्तर अंथरुणात नाहीत.

मास्तर तळ्यात — गुडघाभर पाण्यात. डोळे उघडे, ओठ निळे. हाका मारल्या, ओढलं. हलत नाहीत. किनाऱ्यावर कॅमेरा मांडलेला, मागं कोणी नाही, भिंग उघडं —
टोपण लावलं तर सुटतील. ते शोधायला तंबूत शिरलोय. सापडत नाही.

बाहेर तिपाई सरकली.

तंबूचं कापड वर होतंय — भिंग आता माझ्याकडे — मोहेई हलू नको म्हणतोय — बोटं गार — लिहिता ये