इर्जिकीस माणसे मिळणेबाबत

दिनांक : १८ जुलै २०२५, शुक्रवार

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, मावळ,
मु. वडगाव, जि. पुणे.

अर्जदार : सौ. प्रेरणा सत्यम पिंगळे, धंदा शेती व घरकाम, रा. जांभुळमाळ, आंदर मावळ.

विषय : एका राष्ट्रीय नेत्याच्या खरेपणावरून वाडीत फूट पडल्याने आमची भातलावणी खोळंबली असून, रोप वाया जाण्यापूर्वी माणसे मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर नेत्यांचे लोणावळा येथील भाषण.
२) त्या भाषणावर माझ्या सासूबाईंनी काढलेले उद्गार, "आला आसंल की."
३) त्यानंतरचे सगळे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की,

१. नेत्यांचे नाव या अर्जात मुद्दाम लिहिलेले नाही. नाव लिहिले की मी कोणत्या बाजूची हे आधी ठरते आणि अर्ज मागाहून वाचला जातो, असा गेल्या दोन महिन्यांचा अनुभव आहे. ते कोण हे आपणास ठाऊक असेलच. ते खरे बोलतात की खोटे, यावर रोज संध्याकाळी टीव्हीवर सहा-सहा माणसे एकाच वेळी ओरडत असतात, तेच ते.

२. आपण या तालुक्यात नवीन असल्यास म्हणून सांगते. आमच्याकडे लावणी इर्जिकीने होते. आज एका घराच्या भातखाचरात सगळी वाडी उतरते आणि दिवसभरात रोप लावून मोकळी होते; उद्या दुसऱ्या घराच्या. मजुरी कोणी देत नाही आणि कोणी मागत नाही. ज्याचे खाचर त्याने सगळ्यांना बांधावर पोटभर जेवू घालायचे, मटण आणि तांदळाची भाकरी, एवढाच कायदा. वाटेने जाणारा कोणी खाचरात उतरला तर त्यालाही पंगतीत बसवायचे. इर्जिकीला आलेला माणूस उपाशी गेला तर त्या घराची छीथू होते, आणि ती पोरांच्या लग्नापर्यंत पुरते.

३. मे महिन्यात सदर नेत्यांच्या पक्षाचे चिंतन शिबिर लोणावळ्याच्या एका हॉटेलात झाले. तेथे भाषण करताना ते म्हणाले की, चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्यात शिकत असताना आपण आंदर मावळात पायी हिंडलो, जांभुळमाळ येथे इर्जिकीत भात लावला आणि धोंडाबाई नावाच्या माउलीने आपल्या हाताने आपल्याला दोन भाकऱ्या वाढल्या. ती चव आपण दिल्लीतही विसरलो नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सांगितले की हा माणूस जन्मात कधी चिखलात उतरलेला नाही, पदवीबद्दल खोटे बोलला तसाच भाकरीबद्दलही बोलतो. तेव्हापासून देशाचे सगळे अडले ते आमच्या घराशी. कारण जांभुळमाळात धोंडाबाई एकच आहेत, आणि त्या माझ्या सासूबाई आहेत.

४. पहिल्या दिवशी जी गाडी आली तिच्यातील मुलीने माईक पुढे करून विचारले, तो आला होता का. सासूबाई म्हणाल्या, "आला आसंल की. इर्जिकीला लय जण येत्यात." दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली. त्यांनाही चहा झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "कोन आला न् कोन न्हाई, आमी काय वळखतो व्हय?" पहिल्या गाडीने दाखविले, धोंडाबाईंची कबुली. दुसऱ्या गाडीने दाखविले, धोंडाबाईंचा इन्कार. दोन्ही पक्षांचे तालुक्याचे पदाधिकारी चिक्कीचे खोके घेऊन आले. घरी आलेल्याने आणलेली वस्तू परत करायची आमच्यात रीत नाही, म्हणून सासूबाईंनी दोघांकडूनही खोके घेतले. दोघांनीही फोटो काढले. पुण्याहून एक चष्मेवाले गृहस्थ फक्त खरेखोटे तपासण्यासाठी आले होते, त्यांनी इर्जिकीचे हजेरीपत्रक मागितले.

५. येथपर्यंत मी हसत होते, हे कबूल करते. मृग लागल्यावर हसू संपले.

६. वाडीत दोन गट पडले आहेत. आमच्या गावाहून कान्हे फाट्यापर्यंत जीप चालवणारे अतुल यांचा "आला" गट, आणि माझे चुलत सासरे सोपानआबा यांचा "न्हाई आला" गट. याआधी या दोघांचे भांडण मी कधी पाहिलेले नाही. आता "आला" गटातील माणूस "न्हाई आला" गटाच्या खाचरात पाय ठेवीत नाही आणि उलटही. दोन्ही गटांनी आपापली लावणी आपापल्या माणसांत उरकून घेतली. राहिले फक्त आमचे. आम्ही कोणत्या गटात ते ठरलेले नाही, कारण सासूबाई काही बोलत नाहीत. अतुल यांचा निरोप आला, "मावशींनी नुसतं व्हय म्हनावं, उद्याच्याला समदी पोरं उतरवतो." सोपानआबा स्वतः आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "धोंडे, त्यो लबाड हाय ह्ये तुला ठावं हाय. येकदा बोल, मंग माजा बैल बी तुजा."

७. तरीही मागच्या बुधवारी आम्ही इर्जीक ठेवली. घरोघर जाऊन सांगितले. चिखलणी करून ठेवली, रोप उपटून जुड्या बांधल्या, बोकड आणला. बोकड कापायचा मान गावात मुलाण्यांच्या घराचा आहे. इर्शादभाई मुलाणी पहाटेच सुरी घेऊन हजर झाले, सोबत त्यांच्या पत्नी हसिनाभाभी. इर्शादभाई म्हणाले, "काकू, मान्सं आली की कापतो. आदी कापला तर मटन कुनाला वाढायचं?" सासूबाईंनी भाकऱ्या थापायला घेतल्या. टोपली भरली, दुसरी भरली. समोरच्या बांधावर एक-दोन जण येऊन उभे राहिले आणि पलीकडे कोण येतो ते बघू लागले. पलीकडेही एक-दोन जण तेच करीत होते. उन्हे वर आली तसे दोन्हीकडचे परत गेले. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. मी बोलवायला गेले तर भाकरी थापतच होत्या, आणि पीठ संपले होते. इर्शादभाईंनी सुरी धुऊन पिशवीत ठेवली, विजार वर खोचली आणि दोघे नवराबायको खाचरात उतरले. आम्ही तिघांनी मिळून एकच खाचर लावले. दुसऱ्या दिवशी इर्शादभाईंच्या मटणाच्या दुकानावर दोन्ही गटांची गिऱ्हाइके गेली नाहीत. बोकड जिवंत आहे.

८. "मजूर लावा" असा शेरा आपण मारण्यापूर्वी नम्रपणे सांगते की, ते करून पाहिले. फाट्यावरचे मजूर आमच्या चढाला यायला तयार नाहीत. एसटी वेळेवर नाही आणि जीप अतुल यांची आहे. माझे पती सत्यम घोरावाडीजवळ कारखान्यात आहेत, त्यांना रविवारची सुट्टी मिळते, एका रविवारी एक माणूस किती वाकणार? लावणीचे यंत्र आमच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरात चालत नाही. आणि रोप थांबत नाही, साहेब. ते पिवळे पडू लागले आहे. रोप जून झाले की त्याला फुटवे येत नाहीत, नंतर कितीही माणसे आली तरी नुसते गवत उभे राहते. हे भात आम्ही विकत नाही. वर्षभर खातो ते हेच.

९. (हा परिच्छेद आपण एकट्यानेच वाचावा व फाईलला लावू नये, ही विनंती.) सासूबाई का बोलत नाहीत, ते मला परवा कळले. त्यांनी मला कोणाला सांगायचे नाही अशी शपथ घातली आहे. आपण सरकार आहात, कोणी नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी एका इर्जिकीला एक शहरातला पोरगा खरोखर आला होता. बारीक, गोरा, अंगात पांढरा सदरा. त्याला काही येत नव्हते. लावलेल्या ओळीत पाय देत चालला म्हणून सासूबाईंनी त्याला सगळ्यांदेखत शिवी हासडली. त्या तेव्हा नव्या सूनबाई होत्या, अंगात रग होती. पोरगा लाल झाला आणि बांधावरच्या चपला उचलून निघून गेला. पंगत बसायच्या आधी. उपाशी. सासूबाई भाकरी फडक्यात बांधून त्याच्यामागे वाटेपर्यंत धावल्या, पण तो दिसला नाही. तो पोरगा म्हणजे हेच नेते की दुसरा कोणी, हे त्यांना माहीत नाही. चेहरा आठवत नाही. सदरा आठवतो.

आता त्यांचे म्हणणे असे : तो आला असे म्हणावे तर त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या हे खोटे आपल्या तोंडून खरे होते. आला पण जेवला नाही असे म्हणावे, तर पिंगळ्यांच्या इर्जिकीतून माणूस उपाशी गेला हे देशाला कळते. आलाच नाही म्हणावे, तर आपल्या खाचरात वाकलेल्या माणसाला नाकारले, याच्याइतके पाप नाही. त्या मला म्हणाल्या, "त्यो खोटं बोलला आसंल तर माजी अब्रू झाकाया बोलला गं." साहेब, मला तसे वाटत नाही. मला वाटते, उपाशी गेलो म्हटले तर भाषणात टाळ्या पडत नाहीत. पण हे मी त्यांना बोलले नाही. चाळीस वर्षे त्या पोराच्या पोटाची काळजी केलेल्या बाईला हे कसे सांगायचे, ते मला कळत नाही.

१०. हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, हे मला समजते. वाडीतले सगळे अर्ज मीच लिहिते, त्यामुळे कोणते कार्यालय कशासाठी हे मला बऱ्यापैकी पाठ आहे. पण नेत्याचा खरेपणा कोणत्या कार्यालयात बघतात, ते शोधून सापडले नाही. रोप मात्र महसुली जमिनीत उभे आहे, म्हणून आपल्याकडे आले. सबब खालीलपैकी जे जमेल ते व्हावे :

अ) सदर नेते खरे बोलले किंवा खोटे बोलले, असा कोणताही एक दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी द्यावा. कोणता द्यावा याबाबत माझा आग्रह नाही. शिक्का बघून एक तरी गट गप्प बसेल आणि दुसरा उतरेल.

ब) ते न जमल्यास, लावणी संपेपर्यंत सदर नेत्यांचे नाव जांभुळमाळच्या हद्दीत उच्चारण्यास मनाई करणारा आदेश काढावा. लावणीनंतर वाडीला हवे तेवढे भांडू द्यावे, माझी हरकत नाही.

क) तेही न जमल्यास, स्वयंसेवक, कॉलेजची मुले, पर्यटक, कोणीही पाठवावे. लोणावळ्याला शनिवार-रविवारी धबधब्याखाली नाचायला एवढी माणसे येतात. त्यांतली एक बस चुकून इकडे वळली तरी आमचे काम होईल. पोटभर जेवण मिळेल.

११. आता शेवटचे, आणि ज्यासाठी मी आज फाट्यापर्यंत पायी आणि तेथून वडगावला येऊन हा अर्ज देत आहे ते. येत्या रविवारी सकाळी देवळापुढे गाव बसणार आहे. दोन्ही गटांचे एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाले आहे की धोंडाबाईंनी सर्वांसमोर देवावर हात ठेवून सांगावे, आला की नाही. काही वाहिन्याही येणार आहेत. काल सासूबाईंनी मला विचारले, "प्रेरना, कुनाकडं हात जास्ती हायत, अतुलकडं का आबांकडं?" मी विचारले, कशाला? तर म्हणाल्या, "ज्याच्याकडं जास्ती, त्याचं खरं म्हनते. रोप तरी लागंल."

साहेब, या बाईने मला पंधरा वर्षे नांदवले. दुधात पाणी घातले नाही, बांध कोरला नाही, माझ्या आईला उगाच बरे वाटावे म्हणूनदेखील कधी माझे खोटे कौतुक केले नाही. देशात कोण खरे आणि कोण खोटे याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पण त्या निकालासाठी रविवारी सकाळी आमच्या घरातले एकुलते एक खरे माणूस देवावर हात ठेवून खोटे बोलणार आहे, आणि तिने कोणते खोटे बोलावे हे मला आज रात्री मोजून सांगायचे आहे. मला ते मोजता येत नाही. शनिवारपर्यंत माणसे द्या. तिला बोलायची वेळ येऊ देऊ नका.

उत्तर कागदावर पाठवू नये. कागद येईपर्यंत उशीर होईल.

आपली आशेवर असलेली,

(सही)
सौ. प्रेरणा सत्यम पिंगळे

सोबत :
१) खाचरांचा सातबारा उतारा.
२) रोपाची एक जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळून. फडके सुकू देऊ नये. अजून लावता येईल.